सहकुटुंब, सहपरिवार

लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेंत ‘सहकुटुंब, सहपरिवार’ हे दोन शब्द असतात. जेवणावळीपुरता त्यांचा अर्थ लावणें सोपें असतें. आजोबांना मऊ भात हवा आणि नातवाला जिलबी हवी, एवढ्यानें पंगत मोडत नाहीं. परंतु हेच शब्द चित्रपटाच्या जाहिरातींत दिसले म्हणजे घरचा कर्ता विचारांत पडतो. सात वर्षांचा मुलगा, सोळा वर्षांची मुलगी, आईबाप आणि सत्तरीची आजी अशीं सर्व माणसें एकाच पडद्यासमोर दोन-अडीच तास सुखानें बसतील, असें चित्र आणावें कोठून? मुलांचें म्हणून जें आणावें तें पाहतांना वडील माणसें पेंगतात. वडिलांना जें रुचतें त्यांत मुलें चुळबुळ करतात, किंवा मध्येंच आईला ‘पाणी आण’ म्हणून त्यांना उठवावें लागतें. हा प्रश्न आजचा वाटतो खरा. पण आपल्याकडील चित्रपटाइतकाच तो जुना आहे. आजवर तो कोणीं कोणीं सोडविला, हें पाहिलें तर आपल्या घरच्या निवडीलाहि त्याचा कांहीं उपयोग होईल.

भारतीय चित्रपटाची जन्मकथाच मुळीं एका कुटुंबाच्या सहलीची कथा आहे. १९१० च्या सुमारास दादासाहेब फाळके मुंबईंत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहावयास गेले, आणि पडद्यावर ख्रिस्त चालत असतां त्यांना आपले राम आणि कृष्ण दिसूं लागले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या गोष्टीचा घरगुती भाग मात्र थोड्यांच्याच लक्षांत असतो. असें सांगतात कीं, प्रथम दादासाहेब आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्राला, घेऊन प्राण्यांचें एक चित्र पाहून आले. पडद्यावर जनावरें हिंडतात असें मुलानें घरीं सांगितलें, तेव्हां कोणाचाच विश्वास बसेना. म्हणून सरस्वतीबाईंसह सर्वांना दादासाहेब पुन्हां घेऊन गेले, आणि त्या वेळीं पडद्यावर ख्रिस्ताचें चरित्र होतें. एका मुलाचें आश्चर्य, एका आईची शंका आणि एका बापाची महत्त्वाकांक्षा, अशीं तिन्हीं त्या दिवशीं शेजारीशेजारीं बसलीं होतीं. पुढें ‘राजा हरिश्चंद्र’ हें चित्र ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन थिएटरांत लागलें. त्यांत रोहिदासाचें काम भालचंद्रानेंच केलें होतें, आणि फिल्मला भोकें पाडण्यापासून मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतचा भार सरस्वतीबाईंनीं उचलला होता. जें चित्र घरानें मिळून केलें, तें घरांनीं मिळून पाहिलें, यांत नवल नाहीं.

त्या काळीं ‘कोणतें चित्र पाहावें’ हा प्रश्न फारसा अवघड नव्हता, कारण कथेची निवड आधींच झालेली होती. कीर्तन, लळित, दशावतार आणि चित्रकथी यांनीं पिढ्यान्‌पिढ्या आजीला आणि नातवाला एकाच सतरंजीवर बसविलें होतें. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें रंगीत कांचचित्रांचे प्रयोग सुरू केले, तेहि पुराणकथांच्याच आधारावर. हरिश्चंद्र पुढें काय करणार हें सर्वांना ठाऊक असे. तरी मुलांना तें ‘कसें’ दिसतें याचें कुतूहल, आणि वडिलांना तें ‘कां’ घडतें याचें समाधान असे. गोष्ट एकच, वाटा दोन. सहकुटुंब पाहण्याच्या चित्राचें सगळें मर्म मला या चार शब्दांत दिसतें.

फाळक्यांच्याच ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रांत तें स्वच्छ पाहावयास मिळतें. कृष्णाचें काम त्यांनीं आपल्या लहान मुलीला, मंदाकिनीला, दिलें. चित्राच्या आरंभीं ती प्रेक्षकांना निरनिराळे मुखभाव करून दाखविते, आणि पाहतां पाहतां त्या मुलीचा कृष्ण होतो. पुढें हा कृष्ण खोड्या करतो, लोणी खातो आणि अखेर यमुनेच्या डोहांत उडी घेतो. पाहणाऱ्या पोरांना तो आपल्यांतलाच एक गडी वाटावा, आणि आजीनें मात्र त्याला मनोभावें हात जोडावे! देवत्व आणि पोरपण यांपैकीं एकालाहि उणेपणा न आणतां दोन्ही एका देहांत नांदवावयाचीं, ही फाळक्यांची दृष्टि होती. मुलांसाठीं त्यांनीं वेगळें, सोपें केलेलें, पाणी घातलेलें चित्र काढलें नाहीं. जें काढलें त्यांत मुलाला मानाची जागा दिली.

बोलपटांच्या युगांत हीच दृष्टि प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रांत दिसते. दामले आणि फत्तेलाल यांच्या या कृतीचा १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरव झाला. तिचा मोठेपणा विष्णुपंत पागनिसांच्या तुकारामाइतकाच गौरीबाईंच्या जिजाईंतहि आहे. संसाराचा गाडा ओढणारी, नवऱ्यावर करवादणारी आणि प्रसंगीं हातांत पायताण घेऊन विठोबाला जाब विचारावयास देवळांत जाणारी ती जिजाई नसती, तर हें चित्र केवळ भाविकांचें झालें असतें. मुलें तिला हसतात; मोठी माणसेंहि हसतात, पण त्यांच्या हसण्याच्या तळाशीं घरांतल्या रिकाम्या मडक्यांची आठवण असते. शेवटीं तुकोबांना वैकुंठास नेणारा गरुड आकाशांत भरारी घेतो. मूल त्या गरुडाचे पंख पाहतें, आजी डोळे पुसते, आणि घरची कर्ती बाई मागें उरलेल्या जिजाईकडे पाहते. एकाच दृश्याचे हे तीन प्रेक्षक. आणि कोणाचेंच पाहणें दुसऱ्याहून खोटें नाहीं.

दरम्यान निवडीच्या कामांत सरकारनेंहि हात घातला होता. १९१८ चा चित्रपटविषयक कायदा आणि त्यानंतर १९२० मध्यें मुंबई आदि शहरांत नेमलेलीं परीक्षण-मंडळें यांचा रोख मुख्यतः आक्षेपार्ह भाग गाळण्याकडे होता. सर्वांसाठीं आणि केवळ प्रौढांसाठीं, अशी चित्रांची दुहेरी वाटणी १९४९ च्या दुरुस्तीनें आली; १९८३ मध्यें पालकांच्या देखरेखीचा मधला वर्ग निघाला; आणि २०२३ च्या दुरुस्तीनें त्या मधल्या वर्गाच्याहि सात, तेरा आणि सोळा वर्षें अशा तीन पायऱ्या केल्या. ही व्यवस्था उपयोगी आहे, याविषयीं माझा वाद नाहीं. परंतु काय पाहूं नये एवढेंच ती सांगूं शकते. काय पाहावें हें सांगणें तिच्या हातचें नाहीं. बाटलीवर ‘विष’ अशी चिठ्ठी नसली म्हणून आंतला पदार्थ अमृत ठरत नाहीं. दाखल्यावरील एक अक्षर वाचून निश्चिंत होणारा पालक, फाटकावरील शिपायालाच घरचा आचारी समजत असतो.

दुसरा मार्ग मुलांसाठीं स्वतंत्र चित्रें काढण्याचा. १९५५ मध्यें भारत सरकारनें बालचित्र संस्था स्थापन केली. २०२२ मध्यें ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झाली. तिच्या आश्रयानें कांहीं चांगलीं चित्रें निघालीं, हें नाकारतां येणार नाहीं. पण ‘बालचित्र’ ही पाटी लागली कीं वडील माणसें मुलांना आंत सोडून आपण बाहेर उभीं राहतात, हा तोटाहि मोठा आहे. याला सुंदर उत्तर बंगालमधून आलें. ‘मुलांसाठीं एखादें चित्र काढा’ असा हट्ट सत्यजित राय यांच्याकडे त्यांच्या मुलानें धरला, आणि त्यांनीं आपले आजोबा उपेंद्रकिशोर यांची कथा घेऊन ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (१९६९) हें चित्र काढलें. आजोबांची कथा, बापाची कला आणि नातवाचा हट्ट! भुतांच्या राजाचे तीन वर आणि जादूचे जोडे पाहून मुलें खुलतात; परंतु उपाशी सैन्यावर आकाशांतून मिठाईचीं मडकीं उतरतात आणि युद्ध थांबतें, तेव्हां त्यांतील अर्थ मोठ्यांना भिडतो. त्याच्याहि आधीं, १९५३ मध्यें, आचार्य अत्रे यांनीं साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चें चित्र केलें, आणि त्याला राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. तेथेंहि श्याम हा उपदेशाचा बाहुला नाहीं; तो भितो, चुकतो, आईचा मार खातो. म्हणूनच मुलाला तो जवळचा वाटतो, आणि मोठ्यांना आपली आई आठवते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें, आणि पडदाच घरांत आला. ज्याच्या घरीं संच असे त्याच्या ओटीवर शनिवार-रविवारीं चाळ लोटे. निवड दूरदर्शन करी आणि आपण ती गोड मानून घेत असूं. चित्र रटाळ निघालें तरी शेजाऱ्यांच्या शेऱ्यांनीं संध्याकाळ साजरी होई. आज निवडीला पार राहिला नाहीं, पण सतरंजी मात्र गुंडाळली गेली आहे. बाप एका खोलींत, मुलगी दुसऱ्या खोलींत, आणि धाकट्याच्या हातांत त्याचा स्वतःचा वीतभर पडदा. ज्याला जें आवडतें तें त्याला मिळतें. फक्त दुसऱ्याला काय आवडतें हें कोणालाच कळत नाहीं. खरी हानि येथें आहे. वाईट चित्र पाहिल्यानें मूल बिघडेल या भीतीपेक्षां, चांगलें चित्र तें एकट्यानेंच पाहील, याची चिंता मला अधिक वाटते.

तेव्हां या इतिहासावरून गृहस्थानें घ्यावयाचें तें काय? पहिली गोष्ट ही कीं, ज्या चित्रांत मूल हें माणूस म्हणून वावरतें, तें निवडावें. परेश मोकाशी यांचें ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) घ्या. मागें वडिलांनीं स्वतः बनविलेली सायकल उरली आहे, आणि आईचें विणकामाचें यंत्र कर्जापायीं जप्त झालें आहे. अशा स्थितींत पंढरपूरच्या यात्रेंत मुलें दुकान मांडतात. लहानांना तो साहसाचा खेळ वाटतो. मोठ्यांना त्यांत घरखर्चाची वही उघडी दिसते. दुसरी गोष्ट ही कीं, जेथें मोठ्यांना आवडल्याचें सोंग आणावें लागतें तें चित्र टाळावें. मुलांना तें सोंग तत्काळ कळतें. आणि तिसरी गोष्ट, निवडीची पाळी घरांत फिरती असावी. आज आजीनें निवडावें, पुढल्या खेपेस धाकट्यानें. दुसऱ्याच्या आवडीसमोर दोन तास प्रेमानें बसणें, हेंहि शिक्षणच आहे, आणि त्याची गरज मुलांपेक्षां आपल्यालाच अधिक आहे.

मोकाशी यांनींच २००९ मध्यें ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रांत फाळके कुटुंबाची धडपड मोठ्या खेळकरपणें रंगविली आहे. कोठून आरंभ करावा हें सुचत नसेल, तर एका संध्याकाळीं सर्वांनीं मिळून तें पाहावें. घरांतल्या पोराला त्यांत पडद्याचें आश्चर्य भेटेल, गृहिणीला सरस्वतीबाई भेटतील, आणि कर्त्या पुरुषाला एक वेडा बाप भेटेल. चित्र संपल्यावर दिवा लावण्याची घाई मात्र करूं नये. पाहिलेल्या चित्राविषयीं अंधारांत थोडा वेळ जें बोलणें होतें, त्यांत कोणीं काय पाहिलें हें एकमेकांस कळतें. आणि सहकुटुंब, सहपरिवार या शब्दांचा अर्थ तेथेंच पुरा होतो.