मृत्यूच्या नोंदींनी वाचवलेले जीव

सरकारी आकडेवारी म्हटली की आपल्याला जांभई येते. पैसा दवाखान्यांवर, औषधांवर खर्च करावा, रकाने भरण्यावर कशाला, असेही अनेकजण विचारतात. याचे उत्तर कॉलऱ्याच्या इतिहासात आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. स्थानिक निबंधकाला प्रत्येक नोंदीमागे ठरलेली फी मिळे. १८३९ मध्ये वैद्यक शिकलेले विल्यम फार या कार्यालयात आले. एकाच आजाराला डॉक्टर वेगवेगळी नावे देत. फार यांनी रोगांच्या नावांची एकसारखी यादी केली आणि भागाभागातील मृत्यूंची तुलना शक्य झाली.

१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा भडकला. डॉ. जॉन स्नो यांनी याच कार्यालयातून त्या आठवड्यातील ८९ मृत्यूंची यादी घेतली. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाजवळ झाले होते. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, पण दूषित पाण्याकडे बोट दाखवणारा पुरावा हाती आला. दक्षिण लंडनमध्ये तर एका कंपनीचे पाणी घेणाऱ्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू होते, दुसऱ्या कंपनीच्या घरांत फक्त ३७.

गंमत म्हणजे, कॉलरा दूषित हवेने होतो असे स्वतः फार मानत. तरीही त्यांनी आकडे आपल्या मताप्रमाणे वळवले नाहीत. १८६६ च्या साथीत त्याच आकड्यांनी पूर्व लंडनच्या पाणीपुरवठ्याकडे बोट दाखवले, आणि फार यांनी पाण्याचे कारण मान्य केले.

आपल्याकडे १९६९ च्या कायद्याने मृत्यूची नोंद सक्तीची आहे. पण २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते. बाकीची माणसे कशाने गेली, हे नीट ठाऊक नसताना औषधे, खाटा आणि निधी कुठे द्यायचा हे कसे ठरवणार? त्यासाठी प्रशिक्षित माणसे हवीत, त्यांना वेळेवर पगार हवा. हा खर्च वायफळ नाही.

आपणही एक करू शकता. घरात मृत्यू झाल्यास २१ दिवसांत नोंद करा. प्रमाणपत्रावर नुसते 'हृदय बंद पडले' असे लिहिले असेल, तर मूळ आजार लिहिण्याची डॉक्टरांना विनंती करा. हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते.