आंदणात न आलेली साष्टी

23 जून 1661 रोजी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात लग्नाचा तह झाला. वर राजा दुसरा चार्ल्स, वधू ब्रागांझा घराण्याची कॅथरीन. आंदणात टँजिअर शहर, मोठी रोकड आणि तहाच्या 11व्या कलमानुसार मुंबईचे बंदर व बेट. मात्र बेट कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे कोणीच नीट लिहून ठेवले नाही. लंडनची समजूत अशी की, मुंबईबरोबर साष्टी आणि ठाणेही मिळाले. आजच्या भाषेत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हे सारे त्या समजुतीत आले. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयला ते मुळीच मान्य नव्हते. हा घोळ निस्तरायला पुढे 121 वर्षे लागली. मुंबईच्या इंग्रज वसाहतीची वाटचाल ही बऱ्याच अंशी या न मिळालेल्या अर्ध्या आंदणाची हकिकत आहे.

सर अब्राहम शिपमन चारशेच्या आसपास शिपाई घेऊन सप्टेंबर 1662 मध्ये मुंबईच्या बंदरात उतरायला आले, तेव्हा पोर्तुगीजांनी कागदपत्रांत खोट काढून त्यांना परतवून लावले. ही तुकडी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिली. अडीच वर्षे, त्यात दोन पावसाळे, धड निवारा नाही की औषध नाही. एप्रिल 1664 मध्ये शिपमन तिथेच वारले आणि चारशेंपैकी शंभराच्या आसपास माणसे उरली. त्यांना घेऊन शिपमनचे चिटणीस हम्फ्री कुक मुंबईला आले. 18 फेब्रुवारी 1665 रोजी बेटाची मालकीण डोना इग्नेस द मिरांडा यांच्या वाड्यात ताबेपत्रावर सह्या झाल्या. कुक बेटावर फिरले, माती आणि दगड हातात घेतले, आणि रिवाजाप्रमाणे ताबा पुरा झाला. ज्या वसाहतीचा पुढे एवढा बोलबाला झाला, तिचा आरंभ तापाने खंगलेल्या या मूठभर शिपायांनी केला.

ताबा मिळाला तो आखूडच. माहीम हे वेगळे बेट आहे, असे पोर्तुगीज म्हणत होते. कुक यांचे उत्तर साधे होते: ओहोटीला माणूस मुंबईहून माहीमला पायी चालत जातो, मग ते वेगळे बेट कसे? माहीम त्यांनी घेऊन टाकले. खाडीपलीकडे मात्र पाय टाकता आला नाही. वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचा किनारा पोर्तुगीजांकडेच राहिला आणि ठाण्याच्या खाडीतून येणाऱ्या होड्यांवर ते जकात घेऊ लागले. वसाहतीचा तांदूळ आणि लाकूडफाटा पलीकडून येई. पोर्तुगीजांची मर्जी फिरली की तो अडे.

राजालाही हे बेट जड झाले. 27 मार्च 1668 च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले, वर्षाला दहा पौंड भाड्याने! कंपनीचा कारभार तेव्हा सुरतेच्या वखारीतून चाले. पण 1664 आणि 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटल्यावर सुरक्षित जागेच्या शोधात असलेल्या व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली. वेळ साधणारा माणूसही मिळाला. जेराल्ड ऑन्जिअर 1669 मध्ये सुरतेचे अध्यक्ष झाले आणि वसाहतीचा पाया घातला तो त्यांनीच. जमीनधारकांशी 1672 मध्ये त्यांनी करार केला. दरवर्षी वीस हजार झेराफिन (पोर्तुगीज नाणी) भरायचे आणि वतने बिनघोर भोगायची. त्याच वर्षी न्यायालय सुरू झाले, पाठोपाठ टांकसाळ आली. 1673 मध्ये डच आरमार बंदरासमोर उभे राहिले आणि बेटाची तयारी बघून निघून गेले. पुढच्याच वर्षी कंपनीचे हेन्री ऑक्झेंडन रायगडावर महाराजांच्या राज्याभिषेकाला हजर राहिले. शेजारी कोण आहे, याची जाणीव वसाहतीला पुरती होती.

या पायाला हात अनेकांचे लागले, हे कंपनीच्या दप्तरातूनच दिसते. कोळी तर बेटाचे मूळचेच. ऑन्जिअर यांनी उभारलेल्या बेटाच्या लष्करात भरणा भंडाऱ्यांचा होता. दीवचे बनिया व्यापारी नीमा पारख यांनी 1677 मध्ये धर्म पाळण्याची आणि व्यापाराची लेखी हमी मागितली, मगच ते आले. हमी मागून घेणारा हा व्यापारी आणि ती देणारी कंपनी, दोघांचाही शहाणपणा यात दिसतो. पारशी, आर्मेनियन, विणकर, सोनार असेच येत गेले.

आणि मरतही गेले. भरतीचे पाणी सखल भागात शिरून महिनोन्‌महिने साचे, पिण्याचे पाणी वाईट, त्यात माडांच्या मुळाशी मासळीचे खत घालण्याची रीत. खताच्या दुर्गंधीनेच ताप येतो, असे इंग्रज वैद्यांना वाटे. खरा दोष साचलेल्या पाण्याचा होता, हे कळायला दोन शतके जावी लागली. नव्याने आलेल्या इंग्रजाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच बेटावर पडली होती. माणसांनी केलेली संकटे वेगळीच. 1683 मध्ये कॅप्टन रिचर्ड केगविन याने पगारकपातीच्या रागात बंड करून बेट वर्षभर राजाच्या नावाने चालवले. 1687 मध्ये कंपनीने आपले मुख्यालय सुरतेहून मुंबईला हलवले आणि 1689 मध्ये मोगलांचा आरमारप्रमुख सिद्दी याकूबखान शिवडीला उतरला. त्याने माझगाव आणि माहीम घेतले, इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. औरंगजेबाकडे गयावया करून आणि दंड भरून 1690 मध्ये ही बला टळली. सिद्दीच्या माणसांना पिटाळायला कोळ्यांचा जथा उभा करणाऱ्या रुस्तम दोराब यांना कंपनीने पुढे पाटीलकी दिली.

गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या काळात, म्हणजे 1715 ते 1722 या वर्षांत, शहराभोवती तटबंदी उभी राहिली आणि 1718 मध्ये सेंट थॉमस चर्च उघडले. वाळकेश्वराचे देऊळ 1715 मध्ये नव्याने बांधणारे रामा कामत याच काळातले. कंपनीच्या सैन्यात ते मोठ्या हुद्द्यावर होते. मराठा आरमाराच्या आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला झाला, इस्टेट जप्त झाली आणि ते तुरुंगातच वारले. त्यांच्याविरुद्धचा पुरावा बनावट होता, असे पुढे दिसून आले. न्यायालयाचा अभिमान बाळगणाऱ्या वसाहतीच्या खात्यावर ही नोंद राहिलीच.

खाडीपलीकडे यानंतर धनी बदलला. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. इंग्रजांची झोप किती उडाली, हे बघायचे तर धारावीला जावे. बसआगाराच्या मागे, वस्तीच्या गर्दीत, काळा किल्ला उभा आहे. भिंतीतल्या दगडी पाटीवर गव्हर्नर जॉन हॉर्न यांचे नाव आहे आणि साल 1737. किल्ल्याच्या अंगाने मिठी नदी वाहते. आज तिला नाला समजून लोक नाक दाबून पुढे जातात, पण तेव्हा ती दोन सत्तांची हद्द होती. अलीकडे कंपनी, पलीकडे पेशवे. शीवचा टेकडीवरचा किल्लाही याच हद्दीवर नजर ठेवून होता. ‘शीव’ म्हणजे वेस. गावाच्या नावातच सगळे आले. जुलै 1739 मध्ये कंपनीतर्फे कॅप्टन इंचबर्ड यांनी चिमाजीअप्पांशी तह केला. पुढची पस्तीस वर्षे कंपनीने व्यापार सांभाळला आणि गोदी बांधली. सुरतेहून 1736 मध्ये आलेले लवजी नसरवानजी वाडिया यांच्या कसबामुळे मुंबईच्या जहाजांचे नाव झाले. साष्टीवरची नजर मात्र ढळली नाही.

संधी आली ती पुण्यातल्या रक्तपातातून. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, घरात दुफळी माजली. पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला येत आहेत, अशी हूल उठली. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांनी वाट पाहिली नाही. डिसेंबर 1774 च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला गेला. कमोडोर जॉन वॉटसन या लढाईत जखमी होऊन मेले, मराठा शिबंदीतली बरीच माणसे कापली गेली. वेसाव्याचा किल्लाही पडला. जे लग्नात मिळाले नव्हते, ते तलवारीने घेतले. तरी ते पचायला वेळ लागलाच. जानेवारी 1779 मध्ये वडगावला इंग्रज फौज शरण आली, तेव्हा साष्टी परत करण्याचे वचन द्यावे लागले. ते पाळले गेले नाही. 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची कंपनीकडे गेली.

पुढचा प्रवास भराभर झाला. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत शीव आणि कुर्ला जोडणारा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुरा झाला. 1845 मध्ये माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता झाला. लेडी आवाबाई जमशेटजी यांनी त्यासाठी 1 लाख 57 हजार रुपये दिले. ओहोटीची वाट पाहणे संपले. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून सुटलेली गाडी साष्टीची शेते कापत ठाण्याला गेली. 1860 मध्ये विहार तलाव पुरा झाला आणि साष्टीच्या डोंगरातले पाणी शहराच्या नळाला आले. 1867 मध्ये विरारहून लोकल सुरू झाली, तेव्हा वेळापत्रकात बोरिवली ‘बेरेवला’ होती, अंधेरी ‘अंदारू’ आणि गोरेगाव ‘पहाडी’. साहेबाच्या जिभेला पहिली दोन नावे वळली नव्हती, पण गाडी थांबत होती.

1920 मध्ये साष्टीचा मोठा भाग घेऊन मुंबई उपनगर जिल्हा झाला. महापालिकेची हद्द 1950 मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, 1957 मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. साष्टीचीच असलेली ठाणे नगरी मात्र बाहेर राहिली आणि 1982 मध्ये तिने स्वतःची महापालिका केली. मुलुंडच्या चेकनाक्यावर जकातीसाठी मालमोटारींची रांग 2017 पर्यंत लागत असे. जकात गेली, पण रिक्षावाले अजून विचारतात, ‘नाक्याच्या अलीकडे की पलीकडे?’