माध्यमिक शाळेत शिक्षक किती हवेत? प्रमाणाचे गणित आणि तासिकांचे गणित

शाळेतील मनुष्यबळाची चर्चा बहुधा एकाच आकड्याभोवती फिरते, तो म्हणजे विद्यार्थी-शिक्षक प्रमाण. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार प्रत्येक शाळेत हे प्रमाण 30 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक याहून अधिक ताणलेले नसावे. सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित घटकांची संख्या मोठी असलेल्या भागांत ते 25 च्या आत असावे. हा निकष चुकीचा नाही. मात्र माध्यमिक शाळेला तो एकटा लावला, तर हाती येणारे उत्तर फसवे असते.

मुळात आपली माध्यमिक शाळा दोन कायदेशीर चौकटींत विभागलेली आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयोगटासाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. त्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीसाठी दर 35 मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक असलाच पाहिजे. पटसंख्या 100 च्या वर गेली की पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. नववी-दहावी या कायद्याबाहेर राहतात. तेथे केंद्राच्या योजनांतील निकष, राज्याचे नियम आणि अनुदानाच्या अटी लागू होतात. एकाच इमारतीत, एकाच घंटेवर चालणाऱ्या वर्गांना असे वेगवेगळे मापदंड लागतात, हे पालकांना क्वचितच ठाऊक असते.

आता एक हिशेब करून पाहू. सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील एखाद्या गावात पाचवी ते दहावीची शाळा आहे, असे समजा. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी आणि तुकडीत 20 मुले, म्हणजे एकूण पट 120. तीसास एक या प्रमाणाने येथे चार शिक्षक पुरेसे ठरतात. आता वेळापत्रक उघडावे. एका तुकडीच्या आठवड्याला साधारण 45 तासिका धरल्या, तर सहा तुकड्यांच्या 270 होतात. एक शिक्षक आठवड्याला 30 तासिका घेऊ शकतो असे मानले, तरी नऊ शिक्षक लागतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ आपल्या संलग्न शाळांकडून तुकडीमागे दीड शिक्षकाची अपेक्षा ठेवते. त्या निकषानेही उत्तर नऊच येते. तासिकांची संख्या शाळेगणिक थोडीफार बदलेल, पण चार आणि नऊ यांतील दरी त्याने बुजत नाही. तीच शाळा नऊ शिक्षकांसह चालली, तर कागदावर 13 मुलांमागे एक शिक्षक दिसतो आणि हिशेबनिसाला ती उधळपट्टी वाटते.

गोव्यात यात भाषांची भर पडते. मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी आणि काही शाळांत पोर्तुगीज वा फ्रेंच असे पर्याय असल्यामुळे एकाच इयत्तेतील मुले भाषेच्या तासाला वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. मराठी घेणारी मुले दहाच असली, तरी त्यांना शिक्षक पूर्ण एक लागतो. पटाची सरासरी पाहणाऱ्याला ही गरज दिसतच नाही, आणि काटछाटीची वेळ आली की पहिली कुऱ्हाड बहुधा येथेच पडते.

रिक्त पदांविषयी कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 26 नुसार सरकारी व अनुदानित शाळांत शिक्षकांची रिक्त पदे मंजूर पदांच्या 10 टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. नऊ पदांच्या शाळेत एक जागा रिकामी राहिली, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. ती जागा गणिताची असेल, तर दहावीच्या मुलांचे वर्ष कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरील शिक्षक येईपर्यंत तसेच सरते. कलम 27 शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई करते. तथापि या तीन कामांत जाणारे दिवसही काही थोडे नसतात.

विद्यार्थ्यांना आधार देणारा कर्मचारीवर्ग हा अधिकच दुर्लक्षित विषय. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये, रजनीशकुमार पांडे प्रकरणात, प्राथमिक स्तरावर अशा 10 मुलांमागे आणि उच्च प्राथमिक व माध्यमिक स्तरावर 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ग्राह्य धरले. हा शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश असल्याने, अक्षरे उलटी वाचणारे किंवा आकड्यांत अडखळणारे मूलही या आधारास पात्र ठरू शकते. प्रत्यक्षात एकच विशेष शिक्षक अनेक शाळांत आळीपाळीने जातो. आठवड्यातून एक दिवस मिळणारी मदत म्हणजे नेमणूक नव्हे, असे म्हणणे भाग आहे.

समुपदेशकाची स्थिती काहीशी तशीच. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संलग्नता ठेवायची आहे. वर कल्पिलेली 120 मुलांची शाळाही यात येते. तुलनेसाठी, अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना 250 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते. ग्रंथपाल, प्रयोगशाळा साहाय्यक, लिपिक आणि शिपाई ही पदे रिकामी असतात तेव्हा त्यांचे काम शिक्षकांवरच येते, आणि ते कोणत्याही प्रमाणात मोजले जात नाही.

पालक-शिक्षक संघाला आपल्या शाळेची स्थिती जाणून घ्यायची असेल, तर विद्यार्थी-शिक्षक प्रमाण विचारून फारसे काही हाती लागणार नाही. मंजूर पदे व भरलेली पदे विषयवार मागावीत, कंत्राटी शिक्षक वेगळे दाखवण्यास सांगावे आणि विशेष शिक्षक व समुपदेशक शाळेत आठवड्याला किती दिवस असतात, हे लेखी घ्यावे. अनुदानित शाळेबाबतची माहिती शाळेने न दिल्यास शिक्षण खात्याकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो. उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे 30 दिवसांची आहे.