खऱ्या अँथनी गोन्साल्विसची मैफल

'अमर अकबर अँथनी'मधला, भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ आठवतोय ना? १९७७ सालचा सिनेमा. पण 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' हे नाव काही कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवणाऱ्या गुरूंचं ते नाव. म्हणजे गुरुदक्षिणाच. फक्त झालं असं की, गाणं सगळ्यांच्या तोंडी बसलं आणि त्या माणसाचं खरं काम मागे पडलं. मला लिहायचंय ते त्या कामाबद्दल, १९५८ साली मुंबईत झालेल्या एका मैफलीबद्दल.

जागा धोबीतलावाजवळची, सेंट झेवियर्स कॉलेजचा दगडी कमानींमधला चौक. समोर ११० वादक. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. नाव 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा'. सिनेमा नाही, नायक-नायिका नाहीत, 'सिच्युएशन' नाही. वाजलं ते गोन्साल्विसांनी स्वतः रचलेलं संगीत, राग पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात बसवण्याचा प्रयोग. त्यांच्या रचनांची नावंच बघा: 'सोनाटिना इंडियाना', सारंग रागातला कॉन्चेर्टो, तोडी थाटातला व्हायोलिन कॉन्चेर्टो. १९५८ मध्ये हे!

तेव्हाच्या मुंबईत गोव्याचा वादक म्हणजे अक्षरशः परदेशातला माणूस. गोवा १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांकडे. आमच्या सिंधुदुर्गातल्या बांद्याच्या पलीकडे पत्रादेवी. तिथे १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्यानंतर भारताने सीमा बंद केली, रेल्वे थांबली. त्यामुळे १९५८ साली मुंबईतल्या गोवेकराला गावी जाणं म्हणजे सीमा ओलांडणं. मुंबईत त्याचा आधार म्हणजे गावाची 'कूड'. एकाच गावच्या लोकांनी मिळून चालवलेली राहायची जागा, आणि यातल्या कितीतरी कुडी धोबीतलावच्याच आसपास. मालवणी चाकरमान्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्याच्या गावाची खोली तिकडे गिरणगावात, एवढाच फरक. :)

पण एका बाबतीत तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे जमीन-अस्मानाचा फरक होता. आमच्याकडे दशावतार. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी, पेटी आणि पखवाज नटाच्या अंगाने जाणार. कागदाचा संबंधच नाही. पलीकडे चर्चच्या शाळेत मुलगा आधी स्वर वाचायला शिकायचा, मग हातात व्हायोलिन. समोर कागद ठेवला की न ऐकलेलं संगीतही वाजवून मोकळा. (आमच्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन वाचून थेट काम सुरू!) माजोर्ड्याचे गोन्साल्विसही असेच. वडील चर्चमधल्या गायकवृंदाचे प्रमुख. १९४३ मध्ये मुंबईला आले आणि नौशादांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले.

हिंदी सिनेमाला या कागदाचीच गरज होती. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार, पण तीस व्हायोलिनवाले, ट्रंपेट, चेलो यांना कुणी काय वाजवायचं ते लिहून देणार अरेंजर. तो बहुतेकदा गोवेकर. शंकर-जयकिशनकडे सेबास्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट. पडद्यावर नाव संगीतकाराचं. अरेंजरला पैसे मिळाले, नाव क्वचितच.

गोन्साल्विसांचं वेगळेपण असं, की त्यांनी हिंदुस्थानी संगीताकडे 'मेलडी दिली, आता मी हार्मनी चिकटवतो' अशा नजरेने बघितलं नाही. पंडित राम नारायण यांच्यासारख्यांकडे बसून ते रीतसर शिकले. आणि शिकल्यावरच कळतं की हे प्रकरण किती अवघड आहे. साधा सारंग घ्या. वृंदावनी सारंगात गंधार नाही आणि धैवतही नाही. पाश्चात्त्य हार्मनीचा पहिला धडा म्हणजे सा-ग-प एकत्र वाजवणे. इथे ग घेतला की राग संपला! म्हणजे घरी परतायचा नेहमीचा रस्ताच बंद. प-नी-रे चालेल, कोमल नी-रे-म चालेल, पण षड्जावर उभं राहून भरीव कॉर्ड मिळणार नाही. तोडीत वेगळाच त्रास. तिथला गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहूनही किंचित खाली असतो. कागदावर मात्र दोघांची खूण एकच. त्यात मींड. एकटा सारंगीवाला ती हवी तशी घेईल, तीस व्हायोलिनवाल्यांनी ती एकसारखी घ्यायची तर कुठून निघायचं, किती वेळात पोचायचं हे सगळं आधी ठरवावं लागतं. आणि ठरवलं की रागातलं काहीतरी निसटतंच. माझं मत विचाराल तर हा प्रश्न पूर्ण सुटणारा नाहीच. पण तो टाळून तीन मिनिटांच्या गाण्यात दोन ओळी व्हायोलिनच्या भरणं सोपं होतं, त्यात चांगली कमाईही होती, आणि हा माणूस मुद्दाम अवघड जागी जाऊन बसला, याचंच मला कौतुक वाटतं.

असो. ११० वादकांचा ताफा सिनेमाशिवाय पोसणार कोण? सिनेमाचा निर्माता रेकॉर्डिंगचे पैसे देतो, सारंगातल्या कॉन्चेर्टोचे कोण देणार? मुंबईत तेव्हा अशा संगीतामागे उभा राहणारा दरबार नव्हता, आणि पश्चिमेकडच्यासारखा सरकारी किंवा शहराचा ऑर्केस्ट्राही नव्हता. १९६० च्या दशकाच्या मध्यावर गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, म्हणजे पुन्हा एकदा परदेश. परत आले ते सिनेमाच्या धंद्यात नाही, तर गोव्यात माजोर्ड्याला. तिथेच शांतपणे राहिले. दरम्यान १९७७ साली त्यांच्या नावावर देशभर लोक नाचत होते.

१८ जानेवारी २०१२ ला ते गेले. बातम्यांमध्ये त्यांची ओळख करून दिली गेली ती त्या गाण्यावरूनच.