तबकडीतला पळस

बेकेलाइटचे रेडिओ, विजेची काळी बटणे आणि ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मोठ्या प्रेमाने जमवणाऱ्या हौशी मंडळींस, या वस्तूंच्या वंशातील आद्य पुरुष जी लाख, तिचे एक माहेर गोंदियाच्या पळस-कुसुमाच्या रानात आहे, याचे स्मरण क्वचितच असते.

लाखेचा उपयोग आपल्याकडे फार प्राचीन. सरकारी खजिन्याच्या थैलीवर मोहोर उठवायची तर लाख हवी, सोनाराला पोकळ दागिना भरायचा तर लाख हवी; लखोटा या शब्दाच्या पोटातही तीच आहे. पुढे मध्यप्रांताच्या अमदानीत, गोंदिया भंडारा जिल्ह्यात मोडत असताना, रेल्वेच्या या जंक्शनावर चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ कपच्या, काढण्याचे कारखाने उभे राहिले. चपडा काढण्याची जुनी रीत अशी की, कीटकांनी फांदीवर साचवलेली लाख खरवडून, कुटून व धुऊन जो दाणा निघे तो कापडाच्या लांब पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर धरायचा, पिशवीस पीळ देत वितळलेला रस पिळून गरम पाण्याने भरलेल्या नळकांड्यावर पसरायचा, आणि तो ऊन थर कारागिराने हातांनी, पायांनी, प्रसंगी दातांनीही ताणून काचेसारखा पातळ करायचा. इतकी मेहनत त्या सोनेरी कपच्यांत असे.

याच चपड्यात दगडाची भुकटी व काजळी मिसळून ग्रामोफोनच्या तबकड्या होत. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबून इकडे आल्या. तबकड्या दाबण्याचा कलकत्त्याचा कारखाना १९०८ सालचा. लाख आपल्या देशातून विलायतेस जायची आणि गाणे होऊन परतायची, याहून सुंदर प्रवास मला ठाऊक नाही.

विजेच्या यंत्रांत विद्युतरोधक म्हणूनही चपडाच लागे. त्याला पर्याय शोधताना रसायनज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ साली बेकेलाइट हे कृत्रिम प्लास्टिक सिद्ध केले. लाख उष्णतेने पुन्हा मऊ होते, म्हणूनच उन्हात विसरलेली तबकडी वाकते. बेकेलाइट मात्र एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. कारखानदारांस हा गुण मोलाचा वाटला, आणि विजेच्या कामातली लाखेची मागणी पुढे ओसरत गेली.

गोंदिया जिल्ह्यातील संग्राहकांस म्हणून एवढीच विनंती आहे की, बेकेलाइटच्या रेडिओशेजारी पळसाची लाख लागलेली एक काडी व मूठभर चपडा अवश्य ठेवावा आणि खाली गावाचे नाव लिहावे.