प्रशिक्षकाची नोंद

क्रीडेतिहासात विजेत्यांच्या याद्या सहज सापडतात. त्यांना घडवणाऱ्यांच्या कामाची साधने मात्र सापडत नाहीत. पुण्याचे टेनिसपटू नंदन बाळ यांची कारकीर्द पाहताना आम्हांला हे प्रकर्षाने जाणवले.

१९८०च्या दशकाच्या आरंभी बाळ डेव्हिस करंडक स्पर्धेत भारताकडून खेळले. हे पर्व गुणफलकांवरून मांडता येते. पुढे ते प्रशिक्षक झाले, अनेक वर्षे भारतीय संघाबरोबर राहिले, आणि तेथून साधने मुकी होतात. याचे एक कारण टेनिसच्या नियमांतच आहे. सामना चालू असताना खेळाडूला बाहेरून सल्ला देण्यास या खेळात दीर्घकाळ मनाई होती. पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत २०२२ साली प्रायोगिक सवलत मिळाली, आंतरराष्ट्रीय महासंघाने मुभा दिली ती २०२५ पासून. डेव्हिस करंडकात कोर्टालगत बसून खेळाडूशी बोलण्याचा मान कर्णधाराचा. प्रशिक्षकाचे काम बहुतांशी त्याआधीच झालेले असते.

सप्टेंबर २०१० मधील चेन्नईची लढत आठवावी. ब्राझीलविरुद्ध पहिल्या दिवशी भारत ०-२ असा मागे पडला. पेस-भूपती जोडीने दुहेरी जिंकली. उकाड्याने बेजार झालेल्या बेलुचीने सोमदेव देववर्मनविरुद्धचा सामना अर्धवट सोडला. निर्णायक एकेरी रोहन बोपण्णाने जिंकली. पहिल्या दिवशी पाच सेट झुंजून हरलेला हाच बोपण्णा अखेरच्या दिवशी तीन सेटांत जिंकला. कर्णधार होते एस. पी. मिश्रा, प्रशिक्षक बाळ. मधल्या काळात सरावात कोण काय बोलले, हे गुणफलक सांगत नाही.

२०२०चे राष्ट्रीय पुरस्कार या दृष्टीने बोलके आहेत. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार टेनिसमध्ये मिळाला नरेश कुमार यांना, ज्यांची ख्याती मुख्यतः खेळाडू आणि कर्णधार म्हणून होती. बाळ यांना मिळाला ध्यानचंद पुरस्कार, म्हणजे निवृत्तीनंतरही खेळाची सेवा करणाऱ्या खेळाडूचा. दोन्ही गौरव यथोचितच. पण प्रशिक्षक कोणाला म्हणावे, याविषयीची आपली संदिग्धता त्यांतून उघड होते.

साहित्याच्या अभ्यासकांना ही अडचण अपरिचित नाही. तरी ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना लिहिलेली पत्रे निदान कागदावर उरली. प्रशिक्षकाचे संपादन कोर्टावरच बोलले जाते आणि तेथेच विरते. ते जाणणारी माणसे आहेत तोवर त्यांच्या तोंडून टिपून घेणे, एवढाच मार्ग आम्हांला दिसतो.