मुंबईतील इमारतीचा परवाना आणि सरकारचा अखत्यार

शहरात घर बांधू पाहणाऱ्यास परवाना कोणी द्यावा, हा प्रश्न वरवर निव्वळ दप्तरी वाटतो. पण मुंबईच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात सरकार आणि नगरसंस्था यांच्यातील अधिकाराची ओढाताण त्याच्याभोवतीच वारंवार झालेली आहे. 1865 च्या कायद्याने कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांना जो जवळजवळ अनिर्बंध अखत्यार मिळाला, त्यातून झालेल्या खर्चाविरुद्ध 1871 साली करदाते उठले. पुढच्याच वर्षी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावेत असे ठरले. आणि 1888 च्या अधिनियमाचा मसुदा कायदेमंडळात आला तेव्हा फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी नगरसंस्थेची बाजू मोठ्या निष्ठेने लढविली. तरीही बांधकामाची नोटीस पाहून ती मान्य वा अमान्य करण्याचा अधिकार त्या अधिनियमाने कमिशनरकडेच ठेवला, आणि कमिशनरची नेमणूक त्या काळापासून आजतागायत सरकारच करीत आले आहे.

याच अधिनियमातील आणखी एक बंधन मात्र मला आदरणीय वाटते. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत कमिशनरने आपली नापसंती लेखी कळविली नाही, तर अर्जदाराने कायद्याच्या चौकटीत राहून बांधकाम सुरू करावे, अशी त्यात तजवीज आहे. या मर्यादेने नगरपालिकेचा अधिकार कोणी हिरावून घेतला नाही. तो मुदतीत आणि सकारण वापरला जावा एवढीच अपेक्षा बाळगली, आणि सामान्य माणसाला दप्तराच्या उंबरठ्यावर अनंत काळ तिष्ठत बसण्यापासून वाचविले.

दुसऱ्या प्रकारच्या मर्यादेचा आरंभ प्लेगच्या साथीने झाला. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला, आणि कोंदट चाळींचे भयानक दर्शन साऱ्या शहराला झाले. 1898 साली सरकारने नगर सुधारणेसाठी स्वतंत्र ट्रस्ट स्थापन केला आणि त्याच्या विश्वस्तांत नगरपालिकेचे प्रतिनिधी अल्पसंख्य ठेवले. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, आणि इमारतीच्या उंचीच्या निम्म्याइतकी मोकळी जागा समोर सोडावी, म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनातून उजेड आत येईल, असा आपला नियम केला. हे काम खरोखर उपकारक होते, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण ज्यांच्या डोक्यावरची छपरे त्या कामासाठी गेली, त्यांना जाब विचारायला निवडून दिलेला माणूस त्या संस्थेत अभावानेच सापडे. ट्रस्ट 1933 साली नगरपालिकेत विलीन झाला. त्याच्यामागची कल्पना मात्र विलीन झाली नाही.

ती 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात पुन्हा प्रकट झाली. विकास आराखड्याला अंतिम मंजुरी सरकारची, परवाना नाकारल्यास अपील सरकारकडे, नियोजन प्राधिकरणाला निर्देश देण्याचा अधिकार सरकारचा, आणि एखादे क्षेत्र वेगळे काढून तिथे विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याची मुभाही सरकारलाच. वांद्रे-कुर्ला संकुल अशाच एका प्राधिकरणाच्या हाती गेले. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगररचना आणि इमारतींच्या बांधकामाचे नियमन हे विषय पहिल्याच दोन नोंदींत घातले खरे. पण ते नगरसंस्थांना सोपविणे की न सोपविणे, हे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर ठेवले.

याचा सर्वांत कडवट अनुभव गिरणगावाने घेतला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते: एक मोकळ्या जागेसाठी नगरपालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली सरकारने केलेल्या बदलानंतर ही वाटणी मूळच्या मोकळ्या जमिनीपुरतीच उरली, आणि जिथे कारखान्याच्या इमारती उभ्या होत्या, तो विस्तीर्ण भाग तिच्यातून सुटला. उद्याने आणि शाळांसाठी आसुसलेल्या लालबाग-परळच्या वस्तीचा हक्काचा वाटा असा आटला. 2005 साली उच्च न्यायालयाने या वाटणीविरुद्ध निकाल दिला, आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून सरकारचा बदल कायम केला. त्यानंतर त्या जमिनींवर जे मनोरे चढले, त्यांचे नकाशे नगरपालिकेच्याच दप्तरात तपासले गेले. पण शहराच्या पदरात किती जमीन पडावी, हे त्यापूर्वीच मंत्रालयात ठरून गेलेले होते.